काळ्या दगडावरची रेघ

दुपारी कडा गावच्या साखर कारखान्यात कामावर होतो, तेव्हा पाटोद्याहून आईचा फोन आला. आई स्वतःहून कधी फोन लावत नाही. "तुजी अक्का गेली रं... जेवून पडली व्हती, उठलीच न्हाई." त्याला आता दीड महिना होत आला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बीडच्या कॉलेजात तिने भूगर्भशास्त्र शिकवलं, पण तिचा जीव ग्रॅप्टोलाइटमध्ये. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वसाहती करून राहणारे हे बारीक जीव चिखलात गाडले गेले आणि काळ्या पाटीसारख्या दगडावर पेन्सिलीच्या दातेरी रेघेएवढे उरले. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत आणि दूरदूर पसरत. म्हणून लांबलांबच्या दोन थरांत एकच जात सापडली, की ते थर एकाच काळातले असं सांगता येतं. आपल्या बीडचा दगड लाव्हाचा, त्यात हे मिळायचं नाही. अक्का उन्हाळ्यात हिमालयात जायची.

तिथल्या दोन खोऱ्यांतले काळे थर एकाच वयाचे आहेत, असा तिचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. बीडच्या एका घरी सोयरीकही ठरली होती. शेवटच्या फेरीत दुसऱ्या खोऱ्यात तिला एक तुकडा सापडला. पहिल्या खोऱ्यातल्या रेघांना दोन्ही बाजूंनी दाते होते, हिला एकाच बाजूने. ही जात बरीच उशिरा आलेली. म्हणजे हा थर नंतरचा, आणि प्रबंध चुकीचा. मार्गदर्शक म्हणाले, एका तुकड्याने काय होतं, सोडून द्या. अक्काने प्रबंधच थांबवला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा डोंगर गाठला. तसेच आणखी तुकडे मिळाले. त्यापायी लग्न लांबणीवर पडलं; मुलाकडचे मात्र थांबले नाहीत.

"दगडावरच्या रेघेपायी सोयरीक घालवली. कावून?" आई रडत होती.

"आई, ती रेघ मी डोळ्यानं पाह्यली. आता न्हाई कसं म्हणू?"

प्रबंध तिने नव्याने लिहिला. लग्न मात्र राहूनच गेलं. आई पुढे कित्येक वर्षं तिच्या दगडांकडे बघतही नसे. एकदा कपिलधारला धबधब्यापाशी बसलो असताना मी विचारलं, "अक्का, पस्तावा होतो का गं?"

"होतो की. लेकरं लई आवडायची मला." मग म्हणाली, "पण ते दोन्ही थर एकाच वयाचे लिहिले असते, तर वर्गात पोरांना काय शिकवलं असतं?"

परवा तिची खोली आवरायला घेतली. पूर्वेच्या खिडकीला लावलेलं तिचं टेबल वाट अडवतं, म्हणून मी ते भिंतीकडे सरकवलं. आई दारात उभी होती.

"तिथंच ऱ्हाऊ दे. वरून पडलेल्या उजेडात त्या रेघा दिसत न्हाईत. तिरकं ऊन लागतं तिला."

मी टेबल पुन्हा खिडकीशी लावलं. आईने पदराने त्यावरची धूळ पुसली.