दोन दिवस बंद ठेवलेली सुई

लेकीला शुगर निघाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही परभणीकडून खालापूरला आलेलो, माहेर-सासर दोन्ही रात्रभराच्या वाटेवर. मी सातवीत शाळा सोडलेली. विचारायला होत्या फक्त घरमालकीण काकू. शुगर त्यांनाही होती. गोळी घ्यायच्या, वर सकाळी कडू किराइताचा काढा. लेकीला मात्र दिवसातून चार सुया. सुई दिसली की ती मोरीत जाऊन लपायची.

"काय हाल करतेस गं पोरीचे?" काकू म्हणाल्या. "माजी बघ कशी उतरली. म्हातारीची उतरते, मग पोरीची नाय उतरणार? काढा दे नि बघ."

मला तेच ऐकायचं होतं. मी सुया बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून रडत होती, मग रडायचीही थांबली. खूप पळून आल्यासारखा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. काकूंनी मुलाचा टेंपो काढायला लावला, कर्जतच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

"इन्शुलिन चालू आहे ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो."

पोर डोळे उघडत नव्हती आणि मी स्वतःची लाज झाकत होते.

"खोटं नको बोलूस गं!" काकू मागून ओरडल्या. "मॅडम, दोन दिस बंद हाय. मीच सांगितलेलं."

लगेच सलाईन, इन्शुलिन सुरू झालं. काकूंचे ते शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

दुपारी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. काकूंचं शरीर इन्शुलिन बनवतं, पण ते नीट लागू पडत नाही, पुरतही नाही. म्हणून गोळी, पथ्य, चालणं. तो टाइप टू. लेकीच्या शरीरात ते बनणंच थांबलंय. हा टाइप वन. "तिला बाहेरूनच द्यावं लागणार. आजारी असली, जेवली नाही, तरी आपल्या मनानं बंद करायचं नाही."

"किती वर्षं, मॅडम?" मी विचारलं.

"कायम."

काकू पदरात तोंड घालून रडल्या. मला रडूही येईना.

दोन दिवसांनी सलाईन निघालं. नर्सबाईंनी सुई माझ्या हातात दिली. लेक म्हणाली, "आई, आज नको ना गं."

काकूंनी तिला कुशीत घेतलं. मी टोचली.