शेवंडीचं मीठ

चांदभाईनं चोवीस वर्षं शेवंडी शिजवल्या आणि एकदाही चाखली नाही. ही काही बढाई नव्हे. जुन्नरात बढाई मारायची तरी कुणापुढं? 'शेवंड म्हणजे काय रे भाऊ' इथूनच सुरुवात व्हायची. समुद्रातला काटेरी, लांब शेपटीचा जीव. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचा श्रीमंत पाहुणा म्हणा. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात लोक नुसत्या त्याच्या शेपटीसाठी टेबल राखून ठेवतात. चांदभाईच्या घरात मात्र मासा चालायचा. शेवंड आणि खेकडा चालायचा नाही. कोकणातले मुसलमान आवडीनं खातात, त्यांच्या रिवाजात ते बसतं. ह्यांच्या रिवाजात ते हराम, म्हणजे निषिद्ध. आजोबांनी खाल्लं नाही, बापानं खाल्लं नाही, म्हणून ह्यानंही नाही. शिजवायला कुणी मना केलं नव्हतं, म्हणून शिजवलं.

सतराव्या वर्षी तो मुंबईतल्या अशाच एका हॉटेलात ताटं घासायला लागला. तिथला बडा आचारी कोकणातला, तोंडानं फटकळ. म्हणाला, चाखत नाहीस तर शिकणार काय, डोंबल? पण पोराचे डोळे आणि कान चांगले आहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं त्याला जिभेशिवाय शिकवलं. कात्रीनं पाठीवरचं कवच कसं चिरायचं, आतला काळा दोरा कसा ओढून काढायचा, मांस कवचावर कसं उचलून बसवायचं. काचेसारखं मांस दुधासारखं पांढरं झालं की झालं. अर्धं मिनिट जास्त गेलं की चप्पल. लोण्याचा आवाज बदलतो तो ऐकायचा, गोडसर वास सुटतो तो धरायचा. राहिलं मीठ. त्याला ना रंग, ना आवाज, ना वास. म्हणून त्या आचाऱ्यानं चांदभाईची तीन बोटांची चिमूट ठरवून दिली. एका शेपटीला एक चिमूट, ना कमी ना जास्त. पुढं तो आचारी गेला आणि चांदभाईच त्या भट्टीचा वस्ताद झाला. बाकी सगळं, कालवण, बिर्याणी, डाळ-मटणाचा दालचा, तो आपल्या जिभेनं करायचा, आणि ती जीभ मोठी तिखट होती. मिठाचा एक खडा कमी पडला तरी तो हंडी थांबवायचा.

भट्टीसमोर दिवस काढायचा म्हणून गालात तंबाखूची गोळी असायची. तिनंच घात केला. गाल कापला, जिभेची कड कापली, मानेवर मोठा व्रण राहिला. मग तेहतीस वेळा किरणांचा शेक दिला. डॉक्टर म्हणाले, चव वर्षभरात परत येईल. तीन वर्षं झाली, आली नाही. तोंडात थुंकीसुद्धा नीट सुटायची नाही. भाकरीचा घास पाण्यानं ढकलावा लागायचा. मीठ, साखर, चिंच, सगळं ओल्या कागदासारखं. आचाऱ्याच्या नशिबात देवानं हे काय म्हणून लिहावं, हे चांदभाईनं विचारणंही सोडलं होतं.

जुन्नरला परत आल्यावर साबेरा त्याची जीभ झाली. बायको तळहात पुढं करायची, तो पळीतला थेंब टाकायचा, ती चाटून सांगायची, 'आजून चिमूटभर.' बाहेर कुणाला पत्ता नव्हता. गल्लीतल्या छोट्या ऑर्डरी अशा निभल्या. पण गेल्या साली एका वलिम्याला, लग्नानंतरच्या जेवणाला, स्वयंपाकाच्या देगा मैदानात लागल्या, तिथं सगळे पुरुष; साबेरा जाणार कुठून? चांदभाईनं दालच्यात दोनदा मीठ घातलं. पाचशे माणसांनी ते तोंडात घेतलं आणि ताटात सोडलं. कुणी तोंडावर बोललं नाही, फक्त 'वस्ताद थकले' एवढंच गावभर झालं. त्यानंतर एक ऑर्डर आली नाही. घर साबेराच्या शिलाई मशीनवर चाललं, आणि चांदभाई दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम घालायला शिकला. एवढ्या मोठ्या हाताचा माणूस, पण सुया ओवून द्यायचं काम करायचा. त्याची त्याला भयंकर लाज वाटायची.

अशात वारूळवाडीचे दादाभाऊ आले. टोमॅटोत कमावलेला माणूस, आता हायवेला मोठं हॉटेल काढत होता. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं थांबतील असं, समुद्रातलं सगळं मिळेल असं. सकाळी दहाला थर्माकोलचा डबा घेऊन ते दारात उभे राहिले.

"वस्ताद, तुमचं लई नाव ऐकलंय. ह्या शेपट्या हायेत, फ्याक्टरीतून आल्यात. माझ्या किचनात आजून गॅस न्हाई बसला. तुमी हितं घरीच करून दाखवा. मी तहसीलला जाऊन येतो, दुपारी जेवायलाच बसतो."

"दाखवतो की," चांदभाई म्हणाला.

"ऑपरेशन झालं व्हतं म्हनं तुमचं?"

"झालं. आता बरा हाये."

ह्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही पुरतं नव्हतं. दादाभाऊ गेले. चांदभाई डबा घेऊन आत आला आणि न उघडताच तो ओट्यावर ठेवून नुसता बघत राहिला, ते साबेरानं पाहिलं.

"अमरीनचे अब्बा, ह्ये काम तर तुमाला जिभेबिगर येतं," ती नेहमीसारखी लेकीच्या नावानं हाक मारून म्हणाली. "ह्याला कवा चव बघितली तुमी?"

खरंच की! चांदभाईच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. साऱ्या स्वयंपाकात हा एकच पदार्थ असा होता, की जीभ गेल्यानं त्यात काही उणं पडायला नको होतं. डोळे होते, कान होते, नाक होतं, चिमूट होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तो गुणगुणला. साबेराला दुकानातून पिवळं बटर आणायला धाडलं, लसूण सोलली, लिंबं कापली. गोठलेल्या शेपट्या पाण्यात सुटेपर्यंत त्यानं कात्रीला धार लावली.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, आणि येणार तरी कशी? मुंबईत त्याच्या हाती शेवंड जिवंत यायची, बंदरातून, मिशा हलवत. ही फॅक्टरीतली शेपटी मिठाच्या पाण्यात मुरवून गोठवलेली होती. डब्यावर तसं बारीक इंग्रजीत छापलंही होतं. पण चव घेणाऱ्या कुठल्याही आचाऱ्याला ते वाचायची गरज पडली नसती.

कवच चिरलं, दोरा ओढला, मांस वर बसवलं. हात असे चालत होते, की साबेरा मशीन सोडून बघत राहिली. लसणीचं बटर वितळवून त्यानं थेंब तिच्या तळहातावर टाकला. ती म्हणाली, मीठ बरोबर. मग त्यानं प्रत्येक शेपटीवर आपली ठरलेली चिमूट टाकली, तवा तापवला, शेपट्या लावल्या आणि पळीनं बटर वर ओतत राहिला. कवचं लाल झाली. शेपट्यांचं पाणी सुटून बटरात उतरलं. साबेरानं सवयीनं हात पुढं केला.

"नको," चांदभाई म्हणाला. "शेपटी पडली त्यात. आता तुझं काम संपलं."

"थेंबभर बघते. नोकरीचा सवाल हाये."

"नको म्हनलं ना! माझ्या पोटापायी तू तोंडात घ्यायचं न्हाई. माझी चिमूट कवा चुकली न्हाई."

तिनं हात मागं घेतला. मांस पांढरं झालं, वास सुटला, त्यानं गॅस बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. दुपारच्या गर्दीत गाडी गल्लीत शिरत नव्हती. दादाभाऊ चौकात अडकले होते. चांदभाई डोक्यावर टोपी सारखी करून त्यांना आणायला गेला. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

परत आला तर साबेरानं ताट भरून झाकून ठेवलं होतं. झाकण काढल्यावर त्याला वाटलं, बटर जरा फिकं दिसतंय. उजेडाचा फरक असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. दादाभाऊ मांडी घालून बसले, पहिला तुकडा तोंडात टाकला, आणि चांदभाई त्यांच्या तोंडाकडं असा बघत राहिला जसा निकालाच्या दिवशी पोरगं मास्तरकडं बघतं.

"आयला, वस्ताद!" दादाभाऊ म्हणाले. "लोण्यागत हाय राव! आन् मीठ तर असं पडलंय, की बास. आदी बघितलेला आचारी निस्तं खारट करत व्हता ह्ये. तुमी काय जादू केली?"

चांदभाईचे डोळे भरून आले. चिमूट चुकली नव्हती. सगळं गेलं, पण बोटं शाबूत होती. त्याला वाटलं, आत्ता उठावं आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं, की वस्ताद थकला नाही.

"सोमवारपासनं या," दादाभाऊ शेपटीचं कवच खरवडत म्हणाले. "भट्टी तुमच्या हाती. शनवारी पैली पार्टी हाय, चाळीस शेपट्या लागतील. बाकीचं बी तुमीच बघायचं, रस्सा, बिर्यानी, समदं."

आत मोरीतून चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग परत. सहाव्या चुळेला चांदभाई 'पाणी आणतो' म्हणून उठला.

मोरीत पिवळं लसणीचं बटर ओतून दिलेलं होतं. शेजारी कोमट पाण्याचं पातेलं, त्यात मांसाचे दोन-चार तुकडे तरंगत होते. साबेरानं आठवडाभर साय जमवून लोणी काढलं होतं, त्याचं भांडं घासून पुसल्यासारखं रिकामं होतं. आणि साबेरा मोरीच्या कडेला उकिडवी बसून बोटानं जिभेवर दंतमंजन घासत होती. जीभ लाल झाली होती. त्याला पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"निस्तं मीठ झालं व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माल आदीच खारवलेला व्हता. शेपट्या कोमट पान्यात धुतल्या, बटर वतून दिलं, आपलं लोनी घातलं. किती धुवायच्या ते कळंना, म्हनून तीनदा बघावं लागलं." मग तिचा चेहरा उजळला. "सोमवार म्हनले ना? म्या ऐकलं."

तांब्या भरून घेऊन चांदभाई बाहेर आला. मघाचा तो आनंद आठवून त्याला स्वतःचीच घृणा आली. जिच्या तोंडात आजवर हराम घास गेला नाही, तिनं तो तीनदा गिळला, आणि हा बाहेर बसून आपल्या बोटांवर खूश होत होता. शनिवारी चाळीस शेपट्या. हायवेच्या किचनात साबेरा कुठं उभी राहणार? आणि राहिली तरी रोज तिला हे चाखायला लावायचं? दालच्याचं ते मैदान त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

दादाभाऊंना सोडायला तो चौकापर्यंत गेला. गाडीचं दार उघडलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं.

"शेट, मला चवच न्हाई. ऑपरेशनपासनं. गोड-खारट कायबी कळत न्हाई."

दादाभाऊ थांबले. "आन् आत्ताचं ह्ये?"

चांदभाईच्या ओठांवर साबेराचं नाव आलं. पण ते सांगितलं तर उद्या बाजारात, परवा मशिदीत, बायकोनं काय खाल्लं ह्याची चर्चा झाली असती. त्यानं नाव गिळलं.

"आत्ताचं चुकून जमलं," तो म्हणाला.

दादाभाऊंनी बराच वेळ किल्ली हातात फिरवली. माणूस वाईट नव्हता. "चुकून जमल्यालं मला नाय परवडायचं, वस्ताद," ते शेवटी म्हणाले. "पर सांगितलं ते बरं केलं. तब्येतीला जपा." गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागली.

चांदभाई चौकात उगाच उभा राहिला. घरी जायचं म्हणजे साबेराच्या तोंडाकडं बघायचं होतं. पण दुपार टळत चालली होती, आणि उशीर झाला असता तर ती शोधायला बाहेर आली असती.

घरात साबेरानं हातपाय धुऊन वजू करून दुपारच्या, जोहरच्या नमाजासाठी जानमाज अंथरली होती. तोंड धुऊन धुऊन ओठांच्या कडा सोलल्यासारख्या दिसत होत्या. त्याच्या पावलाची चाहूल लागताच ती वळली.

"सोमवारचं पक्कं झालं?"

चांदभाईनं चपला काढल्या, नीट जोडून भिंतीकडं ठेवल्या. "झालं," तो म्हणाला.

साबेरानं श्वास सोडला, डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"मंग अल्लाला सांगता यील मला," ती म्हणाली. "म्हनीन, तुजं सांगनं मोडलं, पर घरासाठी मोडलं, फुकट न्हाई घालवलं. न्हाई ना गेलं फुकट?"

"न्हाई," चांदभाई म्हणाला. "तू पढ नमाज."