रविवारची पांजणी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. माझ्या शाळेतल्या मुलींना हे पहिल्या आठवड्यातच कळायचं आणि मग त्या माझ्याशी बेताने वागायच्या. पण त्यातला सगळ्यांत लांबलेला राग माझ्या आप्पांवरचा. तो मी पाच वर्षं नीट सांभाळला.

आम्ही वडगावचे विणकर. घरात शिरलं की आधी माग दिसायचा, मग चूल आणि मग माणसं. मी सात वर्षांची असताना आप्पांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्याबरोबर आईने आणि मीही. गल्लीत थोडे दिवस पाण्यावरून कुरबुर झाली. मग लोकांनी पाहिलं की हा माणूस पूर्वीसारखाच विणतो, पूर्वीसारखाच कमी बोलतो, तेव्हा ती कुरबुर मिटली. खरं बिनसलं ते रविवारावरून.

मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ पाजावी लागते. या कामाला आम्ही पांजणी म्हणतो. भल्या पहाटे अख्खा ताणा गल्लीत लांबच लांब ताणायचा, त्याच्यावर खळ चढवायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत राहायचं, सूत वाळेपर्यंत. हात थांबला की धागे एकमेकांना चिकटले, आणि चिकटलेला ताणा म्हणजे महिन्याचं काम मातीत. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. त्यामुळे गल्लीत सावड असे. आज सगळे तुझ्या पांजणीला, उद्या सगळे माझ्या. शनिवारी व्यापाऱ्याकडे लुगडी पोचवली की माग रिकामे, म्हणून पांजण्या बहुतेक रविवारीच निघत.

आप्पांनी सांगितलं, सहा दिवस कधीही हाक मारा, रविवारी येणार नाही. रविवार देवाचा. गल्लीने एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, आणि तिसऱ्या वेळी समोरच्या घरातल्या विणकराने आप्पांना सावडीतून काढून टाकलं. तो आप्पांहून लहान, त्यांना अण्णा म्हणणारा, एका अंगणात वाढलेला. तो म्हणाला की ज्याला आमच्या कामाला यायला सवड नाही त्याच्या कामाला आम्हाला तरी कुठली. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं.

तेव्हापासून आठ वर्षं आमची पांजणी परसात झाली. आप्पा, आई आणि मी. तिघांना पेलेल एवढाच आखूड ताणा, म्हणजे फार तर दोन लुगडी. माझे खांदे भरून यायचे. व्यापारी कुरकुर करायचा, आई कुरकुर करायची, मी तर करायचीच. आप्पा तेवढे दर रविवारी काळा कोट घालून, आम्हाला घेऊन, खडेबाजारातून कॅम्पातल्या चर्चपर्यंत चालत जायचे. रस्त्यात लोक चिडवायचे, "रविवार निघाला बघा." त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, पण अभिमानही वाटायचा. आमच्या आप्पांएवढा रविवार पाळणारा अख्ख्या मंडळीत दुसरा नव्हता. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा प्रवचनात त्यांचं उदाहरण द्यायचे, आणि त्या दिवशी मी मान ताठ करून बसायची.

मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी पाळकसाहेबांनी आप्पांना प्रचारक व्हायला सांगितलं. निपाणीकडच्या एका खेड्यात मिशनची शाळा होती, तिच्या शेजारी कौलारू घर होतं, आणि तिथे शुभवर्तमान सांगायला माणूस हवा होता. आईने त्या रात्रीपासूनच मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. मला तर स्वर्गच मिळाला. परस नाही, खळ नाही, आणि दाराशी शाळा. आप्पा मात्र म्हणाले, मला प्रार्थना करू द्या, देवाचं बोलावणं मला अजून ऐकू आलेलं नाही. पाळकसाहेब हसले. मी सांगतोय हेच बोलावणं, म्हणाले. आईने महिनाभर आप्पांची पाठ सोडली नाही. शेवटी ते बरं म्हणाले, पण तोंडावर आनंद नव्हता. तेव्हा मला ते दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

दिवस ठरला. त्या रविवारी मला चर्चच्या मंडळीत रीतसर घेणार होते. पहिल्यांदाच प्रभुभोजनाची भाकर मिळणार होती. आणि त्याच उपासनेत आप्पांना पुढे उभं करून, सगळ्यांच्या प्रार्थनेने निपाणीकडे पाठवणार होते. बापलेक एका दिवशी. मी आठवडाभर पांढरं लुगडं उशाला घेऊन झोपले.

त्या दिवसांत गल्लीत तापाची साथ होती. घरटी एक तरी माणूस अंथरुणाला खिळलेलं. आई पण दोन दिवस तापाने पडून होती, म्हणून त्या सकाळी आप्पा आणि मी दोघंच निघालो. दार उघडलं तर समोर गल्लीत ताणा ताणलेला. समोरच्याच विणकराचा. मदतीला त्याचे दोघे मेव्हणे आले होते, पण खळ चढवून होताच एकाला हुडहुडी भरली आणि दुसरा त्याला घरी घेऊन गेला. आता तो एका बाजूला एकटा, दुसऱ्या बाजूला त्याची म्हातारी आई, जिला धड दिसत नव्हतं. ऊन वर येत होतं. तो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता, आणि ज्या टोकाला तो नसे तिथली खळ वाळत होती.

त्याने आमच्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. हाक मारली नाही. आठ वर्षांनी कुठल्या तोंडाने मारणार?

आप्पा थांबले. मी त्यांची बाही ओढली, उशीर होतोय म्हणाले. त्यांनी कोट काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला.

"तू हो फुडं," म्हणाले.

मला वाटलं, घटकाभराने येतील. मी एकटीच चालत गेले, कोट छातीशी धरून. खडेबाजारात कुणीतरी विचारलं की आज रविवार कुठे गेला, आणि मी भराभर पावलं उचलली. चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसले आणि शेजारी आप्पांच्या जागेवर कोट ठेवला. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं, मी उभी राहिले, काय बोलले आठवत नाही. मग त्यांनी आप्पांचं नाव घेतलं. सगळे दाराकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी पुन्हा एकदा नाव घेतलं, मग कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढचं गीत सांगितलं. भाकरीचा तुकडा मी न चावताच गिळला. देवाच्या मेजाशी मी पहिल्यांदा गेले ती अशी, पोटात संताप घेऊन.

घरी आले तर आप्पा उंबऱ्यावर बसले होते. कोपरापर्यंत हात खळीने पांढरे. समोरचा ताणा वाळला होता, एकही धागा चिकटला नव्हता, हे मला एका नजरेत कळलं. विणकराची पोर मी, कळणारच. त्याने मी जास्तच भडकले. मी म्हणाले की आठ वर्षं तुमच्या रविवारापायी आमचे खांदे मोडले, आणि आज ज्यानं आपल्याला वाळीत टाकलं त्याच्यापायी तुम्ही रविवार मोडलात. तुम्ही देवाला दिलेला शब्द मोडलात.

आप्पांनी हाताची खळ खरवडली.

"बोलावणं आलतं गं," म्हणाले. "म्हणून गेलतो."

"कुणी बोलावलं? त्यानं तर तोंडबी उघाडलं न्हाई."

"व्हय. त्यानं न्हाई."

सोमवारी पाळकसाहेब आले, रागावले, आणि त्यांच्या जागी मीही रागावले असते. आप्पांनी माफी मागितली, पण निपाणीला जायला नकार दिला. माझं काम हितं हाय, एवढंच सांगितलं. ती जागा दुसऱ्याला मिळाली. आईने ताप उतरल्यावर बांधलेली भांडी सोडली आणि दोन महिने आप्पांशी कामापुरतंच बोलली. मी तर तेवढंही नाही.

गल्लीतही काही चमत्कार झाला नाही. समोरचा माणूस आप्पांना पाहून नुसता थबकायचा आणि आत जायचा. मात्र आमच्या पुढच्या पांजणीला, पहाटे परसाचं दार वाजलं. समोरची म्हातारी उभी होती, हातात स्वतःचा जुना कुंचा घेऊन. तिला ताण्याची कड दिसत नव्हती, ती हाताने चाचपत होती. आईने तिला आपल्या आणि माझ्या मधे उभं केलं. ती अर्धं वाळलेलं, अर्धं ओलं सोडत गेली आणि मी तिच्या मागून सगळं परत करत गेले, तोंड वाकडं करून. आज त्या वाकड्या तोंडाची मला लाज वाटते.

वीस वर्षांची झाल्यावर मी शिक्षिका झाले, आणि मला कुठे पाठवलं म्हणाल, तर निपाणीकडच्या त्याच शाळेत. मला पाठवण्याची प्रार्थना रविवारी व्हायची होती. मी पुढे उभी राहिले. या वेळी आप्पा बाकावर होते, अंगात तोच कोट, शेजारी आई. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी डोळे मिटायच्या आधी सहज दाराकडे पाहिलं. दारात आमच्या समोरच्या घरचा विणकर उभा होता, वहाणा हातात घेऊन, आत यावं की नाही या विचारात. त्याच्यामागे गल्लीतले आणखी चौघे.

उपासना संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. आज कसे काय आलात, असं विचारलं. तो आप्पांकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"रविवारी पांजणी घालत न्हाई आता आमी," तो म्हणाला. "सोमवारी घालतोय. अण्णांस्नी येता येतंय मग. तुला ठावं न्हाई व्हय? पाच वर्सं व्हत आली की."

मला ठाऊक नव्हतं. म्हातारी आली त्या पांजणीनंतर थोड्याच दिवसांत मी शाळेच्या वसतिगृहात गेले होते, आणि सुटीत घरी आले की आप्पांच्या कामाकडे पाठ करून बसत होते. माझ्याच गल्लीतले लोक कधी रविवार पाळायला लागले ते मी पाहिलं नव्हतं. मी आप्पांकडे वळले. माझं चुकलं, असं म्हणायचं होतं. ते कोट काढून घडी घालत होते, ऊन झालं होतं म्हणून, आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला, परतीच्या वाटेवर धरायला.