मशीनला नाव लागतं

नवऱ्याला मीच मारलं, असं यमुनावहिनी जन्मभर म्हणत राहिल्या.
आज सकाळी त्या गेल्या.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आपल्या भंडाऱ्यातली मँगनीजची एक खाण. कोणती, ते राहू द्या.
ऑफिसात नवाकोरा कॉम्प्युटर आलेला, आणि मी नागपूरहून BASIC शिकून आलेलो. काय तो माझा तोरा!

प्रोग्राम साधाच होता. स्क्रीनवर NAME? यायचं आणि मशीन थांबायचं. तुम्ही नाव टाइप करून एंटर मारेपर्यंत ते हलायचं नाही.
मग माणूस खाणीतून वर आला असेल तर OUT. नसेल तर IN.

त्या दुपारी भोंगा अवेळी वाजला. आत छत पडलं होतं.

सगळी कॉलनी माझ्या खिडकीशी. कुणी बापाचं नाव सांगे, कुणी भावाचं.
वहिनींचा नंबर आला.

"नाव सांगा, वहिनी."
"कसं घिऊ भाऊ? त्याईचं आयुष्य कमी होते."

त्यांच्या नवऱ्याला सगळे लाखनीवालाच म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक? लाखनीवाला टाकून पाहिलं. मशीनने परत विचारलं, NAME?

मागून बायका ओरडल्या, "सांग ना वो बाई! आमालेबी पाहाचं हाये!"

कर्सर लुकलुकत होता. मला त्याची भीती वाटायला लागली.

वहिनींनी पदर तोंडावर ओढला, भिंतीकडे वळल्या आणि नाव घेतलं.

IN.

"अंदर हायेत," मी म्हणालो.
"हायेत ना?" केवढ्या हसल्या त्या!

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या यजमानांना बाहेर काढलं. छत पडलं तेव्हाच गेले होते, डॉक्टर म्हणाले.

किती वेळा समजावलं असेल मी वहिनींना! खाली जाताना मिळालेला बिल्ला ज्याने वर येऊन परत दिला नाही, तो मशीनला आतच दिसतो. जिता की मेला, ते त्याला कळत नाही.

त्या सगळं ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "तुमच्या मशीननंच सांगतलं ना भाऊ, अंदर हायेत मनून. म्हंजे नाव घेतलं तवा जिते होते."



मघाशी त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, श्रद्धांजलीच्या पोस्टमंदी आईचं पुरं नाव टाकजा."

पुऱ्या नावात मधे नवऱ्याचं नाव येतं.
बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो.

नाही टाकत. माफ कर, पोरा.

यमुनावहिनी, या भावाचा नमस्कार. शांतपणे जा.