पहिल्या सीटवरची दस्ती

चहा उकळेपर्यंत सांगतो, पण एका अटीवर. शेवटी कोणी हसायचं नाही! माझी फजिती झाली हे मला मान्य आहे, पण चूक माझी नव्हती. आजही नाही. त्या लोकांना कायदाच माहीत नाही, त्याला मी काय करू?

कोणता कायदा म्हणता? दस्तीचा!

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर समजावून सांगावं लागेल. दस्ती म्हणजे हातरुमाल. तुम्ही त्याने तोंड पुसता. आमच्या हिंगोलीकडे तिचा खरा उपयोग एसटीत जागा धरायला. गाडी डेपोत वळते न वळते तोच खिडकीतून दस्ती आत फेकायची. जिथे पडली ती सीट तुमची. मग तुम्ही निवांत मागून चढा, हवं तर पान खाऊन या, त्या सीटला कोणी हात लावत नाही. लावलाच तर अख्खी गाडी त्याच्या अंगावर जाते.

मी कळमनुरीचा. नोकरी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हळदीच्या आडतीवर. रोजचं जाणं-येणं एसटीनं. चालत्या गाडीत, खिडकीच्या गजांमधून, नेमकी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर दस्ती टाकणारा माणूस म्हणून डेपोत माझं नाव होतं. फुशारकी नाही मारत, विचारा कोणालाही!

तर हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमचा तिघांचा दोस्ताना शाळेपासूनचा. एक गौतम, सिद्धेश्वर धरणावर सरकारी नोकरीला. दुसरा थावरू राठोड, तांड्यावरचा, घरची हळद माझ्याच आडतीवर आणणारा. तिसरा मी. त्या साली गौतमची बदली झाली, ती थेट कोकणात. म्हणजे आमच्या हिशोबानं परदेशातच!

जायच्या आधी एक दिवस गौतम आडतीवर आला, पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मारोती, आपला तिघांचा एकबी फोटो न्हाई गड्या."

खरंच नव्हता. माझ्या लग्नात थावरू आचाऱ्यापाशी होता, थावरूच्या लग्नात गौतम उशिरा आला, आणि गौतमच्या लग्नात फोटोच्या वेळी मी नवरीकडच्यांशी भांडत होतो. कशावरून ते सोडा.

गौतमच्या हापिसातला एक जण हैदराबादच्या बाजूला मोठं पार्क पाहून आला होता. पाळणे, घसरगुंड्या, भुताचं घर आणि रुळांवरून उलटीपालटी धावणारी एक गाडी. ती गाडी उतारावरून खाली येते तेव्हा कॅमेरा आपोआप पुढच्या सीटवरच्यांचा फोटो काढतो म्हणे. एका रांगेत तिघं.

"मला तसला फोटो पायजे," गौतम म्हणाला. "तिघं एका रांगेत. तिकडं भिंतीवर लावीन. तेवढाच आधार."

आता माणूस असं बोलल्यावर नाही कसं म्हणणार? मला तर भरूनच आलं. मी छातीवर हात मारून सांगितलं, "पैली सीट माझ्याकडं लागली!"

निघालो. वारंगा फाट्यावर चहा, नांदेडहून रेल्वे, आणि सकाळी पार्कच्या दारात. दारातच पहिला अपमान. शिपायानं थावरूच्या पिशवीतल्या भाकरी आणि ठेचा काढून ठेवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे!

"काहून?" थावरू म्हणाला. "मी बाहेरचा न्हाई खात म्हणूनच घरचा आणला ना!"

शिपायानं पाटीकडे बोट दाखवलं. ठेचा काही आत गेला नाही. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं होतं, हे लक्षात ठेवा.

आत जाऊन बाकी काही न बघता आम्ही त्या गाडीपाशी गेलो. लाईन म्हणजे केवढी! हळदीच्या हंगामात मोंढ्याबाहेर ट्रॅक्टर लागतात तशी. उन्हात सरकत सरकत एकदाचे आम्ही फलाटाजवळ पोचलो. आमच्या पुढे फक्त एक कुटुंब. गॉगल घातलेला, हाफपँटमधला जाडजूड माणूस, त्याची बायको आणि एक पोरगी. तेही तिघंच! आणि त्या बाईचं बोट सारखं पहिल्या सीटकडे.

ते पुढे बसले तर आम्ही मागे. मागच्यांची नुसती टाळकी येतात फोटोत!

तेवढ्यात रिकामी गाडी फलाटाला लागायला आली. खडखड, खडखड. अगदी डेपोत एसटी वळते तसा आवाज! मग माझा हात माझा राहिला नाही. खिशातून दस्ती कधी निघाली, तिला गाठ कधी मारली आणि कठड्यावरून कधी सुटली, मलाही कळलं नाही. लाल चौकड्यांची, बायकोनं सणाला घेतलेली दस्ती हवेत गेली आणि पहिल्या रांगेत मधल्या सीटवर बरोबर जाऊन बसली.

"वा रे पठ्ठे!" थावरू ओरडला.

मी निवांत झालो. जागा झाली होती ना! आणि काय सांगू, त्या हाफपँटवाल्यानं पुढे होऊन माझी दस्ती दोन बोटांत धरून उचलली. मेलेला उंदीर उचलावा तशी!

"ओ साहेब!" मी कठड्याखालून वाकून थेट फलाटावर. "ठेवा ती खाली! जागा धरलेली हाय!"

"क्या? ये किसका कपडा है?" तो म्हणाला.

"कपडा नहीं, दस्ती है! दस्ती डाली है हमने! सीट हमारी है!"

"अरे, ऐसे कैसे सीट तुम्हारी? हम लाइन में आगे हैं."

"लाईनचा काय संबंध? पहले दस्ती किसकी पडी?"

गाडीचं बटण दाबणारा, निळ्या टोपीतला कर्मचारी धावत आला. "साब, यहाँ ऐसा नै होता, पीछे चलो."

"ऐसा नै होता म्हंजे? सगळ्या महाराष्ट्रात होतं! तुमच्या डेपो मॅनेजरला बोलवा!"

मागची लाईन ओरडायला लागली. पोरगी रडायला लागली. गौतम माझा सदरा ओढत होता, "मारोती, जाऊ दे, मागं बसू." अहो, कसं जाऊ दे? याच माणसाच्या फोटोसाठी मी भांडत होतो ना! माझा आवाज चढला, "आमी हिंगोलीहून आलो, काय बिनकामाचे आलो काय?"

तसा हाफपँटवाला थबकला. गॉगल कपाळावर चढवला. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "हिंगोली? कोणती, आपली हिंगोली?"

"आपली म्हंजे?"

"आवो, मी वारंगा फाट्याचा! हितं हैदराबादला कंपनीत हाय. फाट्यावर टायरचं दुकान हाय ना, ते माझ्या भावाचं."

बघा आता! इतका वेळ हिंदी फाडून राहिला होता! त्यानं हातातल्या दस्तीकडे पाहिलं आणि चेहराच पडला त्याचा. घरच्या देवाला पाय लागल्यासारखा.

"मंग बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "दस्ती म्हंजे दस्ती." आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, त्यानं ती परत मधल्या सीटवर ठेवली. बायकोला म्हणाला, "आपण पुढच्या गाडीत बसू. ह्यांची धरलेली हाय."

जिंकलो की नाही! गौतम एका बाजूला बसला, थावरू दुसऱ्या बाजूला, मध्ये माझी दस्ती. बसायचं तेवढं बाकी होतं.

पण तेवढ्यात तो निळ्या टोपीवाला पुटपुटला, "क्या पागल लोगां हैं."

पागल? मी वळलो. हाफपँटवालाही वळला. आता आम्ही एका बाजूचे झालो होतो. "पागल किसको बोला?" मी विचारलं. "तुमको कायदा मालूम नहीं, और हम पागल?"

"बराबर!" तो वारंग्याचा फाटेवाला म्हणाला. "आमच्याकडं आमदारबी दस्ती उचलत न्हाई!"

"आपन बस में चढता भी नहीं, तो भी सीट आपनी रहती," मी पुढे रेटलं. "माणूस लागतच न्हाई! इमान लागतं, इमान!"

"मारोती, बस लवकर!" मागून थावरू.

"थांब रे! सवाल सीटचा न्हाई, तत्त्वाचा हाय!" मी मागे न बघता हात हलवला. "दस्ती हाय ना तिथं? कोणी न्हाई बसत!"

तो निळ्या टोपीवाला शांतपणे गेला, तिघांच्या सीटपुढचा लोखंडी दांडा खाली पाडला आणि बटण दाबलं.

खडखड, खडखड!

"अरे! अरे! ठैरो!" मी कठड्यावर थाडथाड हात मारले. आमच्याकडे पत्र्यावर हात मारला की कंडक्टर घंटी देतो आणि गाडी थांबते. ही कसली थांबते! गौतम मान वळवून माझ्याकडे बघत होता आणि थावरू ओरडत होता, "ए लेका, ये ना! येऊन राहिला का न्हाई?" चढावर गाडी लहान लहान होत गेली. मग उतार. मग लोकांच्या किंकाळ्या, त्यात थावरूची सगळ्यांत मोठी.

परत बसू म्हणाल, तर निळ्या टोपीनं मला लाईनच्या शेवटाकडे बोट दाखवलं. आणि आमची रेल्वे संध्याकाळची, तोवर परत नंबर लागणं शक्यच नव्हतं. फाटेवाल्यानं रदबदली केली, तर त्यालाही माझ्याबरोबर शेवटी पाठवला! त्याच्या बायकोनं मला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

फोटो मात्र आला. अगदी झक्क आला. डावीकडे गौतम, तोंड उघडं. उजवीकडे थावरू, डोळे गच्च मिटलेले. आणि मध्ये, दांड्याखाली दबून, ताठ बसलेली माझी लाल चौकड्यांची दस्ती. वाऱ्यानं तिचं एक टोक वर उडालेलं, हात केल्यासारखं.

गौतमनं तो मोठा करून कोकणातल्या घरात भिंतीवर लावला. एकदा आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो, तेव्हा शेजारचे एक म्हातारे तो बघत उभे होते. "हे तुम्ही, हे तुमचे मित्र. आणि मध्ये हे काय हो?"

"ते बी मित्रच," गौतम म्हणाला. "फक्त अंगानं आलेले न्हाईत."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एकच फोटो हवा होता त्याला, आणि तो माझ्याविना. पण वाईटाहून जास्त संताप आला! मी बायकोला म्हणालो, "बघ, तूच सांग. जागा कोणाची होती? माझीच ना? कोणी बसलं का तिथं? न्हाई बसलं! म्हणजे माझा कायदा खरा ठरला का न्हाई?"

बायकोनं फोटो जवळ जाऊन पाहिला, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "खरा ठरला की. आपल्या लग्नातबी तुमच्या जागी हीच धाडायला पायजे होती. येळेवर येऊन गप तरी बसली असती."