दूध तोडण्याचा मुहूर्त

सकल जीवांचा पहिला घास जिच्या वक्षी आहे, त्या जगदंबेला वंदन करून, आमच्या विहीणबाईंच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने हे चार शब्द लिहितो. हिंगणीच्या पंचक्रोशीत त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून सुटलेला मनुष्य मी पाहिला नाही. देवांचेही खात्रीने सांगवत नाही. मारुतीला तेल कमी पडले की त्या पुजाऱ्याचा उद्धार करीत. दूधभुकटीचे डबे विकणाऱ्याला, "आपल्या मायचं दूध इसरला का रे?" असे विचारून वेशीपर्यंत पोहोचवीत. आणि मी, त्यांच्या सुनेचा बाप, सावकाश आचमन करू लागलो की आतून आवाज येई, "इवाईबुवा, विहीर आटवता काय?"

माझ्या कन्येचा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला तरी अंगावर पीत असे. गावाला हे पाहवेना. "एवढं घोडं झालं, अजून पिऊनच राह्यलं!" म्हणून बायका हसत. बिचारी कन्या आधी पदराआड, मग दाराआड, शेवटी गोठ्यात कडब्याआड बसून पाजू लागली. आपलेच काही चुकते आहे, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

अंगावरचे पिणे थांबवण्याला आमच्याकडे ‘दूध तोडणे’ म्हणतात, आणि त्यासाठी छातीला वाटलेला कडुनिंब लावतात. विहीणबाईंच्या थोरल्या नणंदेने तो वाटीभर करून आणला, आणि शुभ तिथी काढण्यास मला पंचांगासह बोलावले. मी पाने उलटू लागलो.

"पाहा, पाहा," विहीणबाई म्हणाल्या, "गाय वासराले कोणत्या तिथीले लाथ मारते, थेही पाहा."

मी पंचांग मिटले. नणंद मात्र हटेना; भावजयीला म्हणाली, "गिरजे, तुले नाई समजत. कडू लागलं का पोट्टं दोन दिसात इसरते."

विहीणबाईंनी वाटीत बोट बुडवले आणि नणंदेच्या चहाच्या कपाच्या काठावरून फिरवून कप पुढे केला. चहा हा त्या बाईंचा प्राण. बोलण्याच्या नादात त्यांनी घोट घेतलाच.

"थू थू! काऊन वं, मले माराचं आहे काय?"

"मारत नाई ताई, चहा तोडून राह्यली तुमचा. ज्याच्यात जीव आहे, थ्यालेच कडू लावलं का कसं लागते, थे समजलं न?" मग सुनेकडे वळून, "तू भर ओसरीत बसून पाज. लपाले काय चोरी केली? त्यानं मांगितलं तं देजो, नाई मांगितलं तं आठवण देऊ नोको. दूध तोडाचं नसते, सुटते थे."

तोडणे सकर्मक, सुटणे अकर्मक. जन्मभर व्याकरण घोकले, पण हा भेद इतका गोड कधी लागला नव्हता.

त्या दिवसापासून ओसरीवर सून मुलाला पाजीत असे आणि सासू शेजारी शेंगा सोलीत बसे. हसणारी बाई दिसली की तिच्या माहेरापर्यंतची चौकशी होई. हसणे थांबले. कन्येची मान वर झाली. मूल हळूहळू आजीच्या हातचा भाकरीचा काला मागू लागले.

एके दुपारी ते धावत आले, आईच्या मांडीवर डोके टेकले, आणि वासराची घंटा वाजताच उठून गेले. संध्याकाळी प्यायला आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कन्या पदर सावरून नुसतीच बसून राहिली. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या आवाजात तिखट नव्हते; असा तो मी प्रथमच ऐकला. "सुटलं वं माय. आता तू रडून घे. मी आहे बसून."

गेल्या वर्षी त्या गेल्या; पिकले वाळूक देठापासून सुटावे, तशा. तिथी कोणती, हे पाहण्यास मी पंचांग उघडले नाही. कन्या त्याच ओसरीवर रडत होती, शेजारची जागा रिकामी होती. तिथे मी जाऊन बसलो.

वाचकहो, तुमच्या घरची लेकरे तृप्त असोत, आणि प्रत्येक लेकुरवाळीच्या शेजारी कोणीतरी बसलेले असो, हाच माझा आशीर्वाद.