अंतरपाट फाटला

माझं पोस्टिंग तेव्हा उल्हासनगरजवळच्या एका मिलिटरी वर्कशॉपमध्ये होतं. मी हवालदार, मेकॅनिक. गाडी बंद पडली की सिव्हिलियन माणूस आधी टायरला लाथ मारतो. आम्ही आधी वास घेतो. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीत इंजिनाच्या बाजूला फ्युएल पंप असतो. त्याच्या आत रबर चढवलेल्या कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम. एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला ऑइल, आणि दोघांची गाठ पडता कामा नये. म्हणून आमच्याकडे त्याला सगळे अंतरपाटच म्हणायचे. त्या शब्दाने एकदा आमची चांगलीच फजिती केली.

नाईक विष्णू आमचा ड्रायव्हर, हसरा गडी. त्याचं लग्न कुळगावात ठरलं, मुहूर्त अकरा पस्तीसचा. बाकी वऱ्हाड आदल्या दिवशीच पोचलं होतं. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने, लछमनदासने, आपली जुनी मोटार दिली. सकाळी आठला आम्ही तिघं निघालो: विष्णू, त्याची म्हातारी आई आणि मी.

आठ चाळीसला, अंबरनाथ सोडल्यावर पालेगावाजवळ, पेट्रोलचा वास आला.

"इंजिन बंद," मी म्हणालो.

"बंद, उस्ताद."

मुंडावळ्या कानामागे टाकून नवरदेव बॉनेटमध्ये वाकला. मी पाइप आणि जॉइंट फडक्याने कोरडे पुसले, पंपाचा हाताचा दांडा चार वेळा दाबला आणि थांबलो. जॉइंट कोरडे. थेंब पडत होते पंपाच्या पोटाखालच्या भोकातून. डिपस्टिक काढून हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास. संशयाला जागाच नव्हती, डायफ्रॅम गेला होता. तशीच गाडी दामटली असती तर पेटली असती.

पालेगावच्या एका शेतकऱ्याने बैलगाडी देऊ केली. म्हातारी ऐकेना. मुलगा मोटारीतून उतरणार, असं तिने अख्ख्या कुळगावात सांगून ठेवलं होतं! विष्णू तिला सोडून जाईना. लछमनदासकडे मोडीत काढलेल्या दुसऱ्या मोटारीचा पंप होता. मी एक ट्रक थांबवून उल्हासनगरला परत निघालो. तेवढ्यात विष्णूने कुळगावकडे जाणाऱ्या सायकलवाल्या दूधवाल्याजवळ निरोप दिला: "अंतरपाट फाटलाय. उस्ताद नवा आणायला गेलेत. मुहूर्त चुकणार नाही."

दहा पाचला मी पंप, गॅस्केट आणि ऑइलचा डबा घेऊन परतलो. दोन बोल्ट काढले, जुना पंप उतरवला, गॅस्केट बदललं, नव्याचा आर्म इंजिनातल्या फिरत्या कॅमवर नीट बसवला. दांड्याने पेट्रोल वर घेतलं. सांडलेलं पुसलं, ऑइल बदललं. पुन्हा तपासलं, सगळं कोरडं. दहा पन्नासला गाडी एका झटक्यात सुरू झाली. म्हातारीने माझ्या काळ्या हातावर पेढा ठेवला.

अकरा दहाला मांडवापाशी पोचलो, तर सनई बंद. नवरीचे मामा दारातच उभे. लग्नाआधीच अंतरपाट फाटला म्हणजे घोर अपशकुन, लग्न मोडायचं, असं त्यांचं म्हणणं. तासभर आत हाच वाद चालला होता. विष्णूचा चेहरा उतरला. लढाईवर जातानाही मी त्याला असा पाहिला नव्हता.

तेवढ्यात आतून नवरीचाच आवाज आला. तिचं नाव शांता.

"फाटला तर आईच्या लुगड्याचा धरू. नवरा तर तोच आहे ना?"

मी खिशातून फाटका, काळा, पेट्रोलने ओला डायफ्रॅम काढून मामांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, हा बघा तुमचा अपशकुन. मामांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि असे हसले की फेटा खाली आला. तोवर आत नवरीच्या आईचं हिरवं लुगडं फाडून झालं होतं, म्हणून तेच धरलं. मुहूर्त साधला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

काही वर्षांनी आम्ही दोघं डोंगरात कॉन्व्हॉय ड्युटीवर होतो. दुपारी विष्णू एका बंद पडलेल्या गाडीकडे मागे गेला आणि वरून दरड आली. त्याचं सामान घेऊन मी कुळगावला, शांतावहिनींच्या माहेरी गेलो. टूलकिटमध्ये एक कोरा डायफ्रॅम होता, हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. लग्नापासून तो कायम जवळ बाळगायचा.

शांतावहिनींनी कापड सोडलं. डायफ्रॅमवरून बोट फिरवलं. रडता रडता हसल्या.

"हा तरी फाटला नाही," म्हणाल्या.